पटकथा तयार आहे. आता ती द्यायची कुणाकडे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पत्र अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचं आहे. वय 37. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी आणि गावातल्या गणेश मंडळांसाठी त्या बरीच वर्षं नाटुकली लिहीत आल्या आहेत. शाळा, घर आणि निवडणुकीची कामं सांभाळून त्यांनी चित्रपटाची 140 पानांची पटकथा पूर्ण केली. वाटणीवरून तुटलेले दोन भाऊ कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे खान्देशातल्या या देवीच्या सणाला गव्हाचा नैवेद्य करण्यासाठी, बऱ्याच वर्षांनी एका घरात येतात, अशी गोष्ट. निम्मे संवाद अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत. मुंबईच्या दोन वाहिन्यांच्या पत्त्यावर त्यांनी स्पीड पोस्टानं प्रती पाठवल्या. उत्तर आलं नाही. मग मावसभावाच्या ओळखीनं जळगावला हॉटेलात ऑडिशन घेणारे एक गृहस्थ भेटले. ‘चॅनलमध्ये आपली माणसं आहेत, फाइल वर नेतो,’ असं ते म्हणाले, आणि प्रोसेसिंग व रजिस्ट्रेशनचे म्हणून त्यांनी 65 हजार रुपये मागितले. अहिराणी काढून टाका, असंही सांगितलं. ताई विचारतात: पैसे द्यावेत का? पटकथा कुठे जमा करायची असते आणि ती मंजूर कोण करतं? ऐकवली तर चोरीला जाईल का? बिनपगारी रजा काढून मुंबईत राहावं का? मावसभावाशी नातं बिघडू नये, हीही काळजी त्यांना आहे. पत्रासोबत त्यांनी पहिली चाळीस पानं जोडली आहेत.

प्रिय ताई,

पैशांचं आधी सांगते, कारण मावसभाऊ उत्तरासाठी थांबला असेल. देऊ नका. 65 हजार नाही आणि घासाघीस करून पाच हजारांवर आले तरी नाही. या व्यवसायात लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, लिहिणाऱ्याकडून घेतले जात नाहीत. वाहिन्यांमध्ये ‘प्रोसेसिंग फी’ नावाचा प्रकार नसतो. रजिस्ट्रेशन असतं, पण ते लेखकानं स्वतःच्या नावावर, घरी बसून करायचं असतं आणि त्याचा खर्च तुम्हाला सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. ते कसं करायचं ते पुढे सांगते.

ते गृहस्थ खोटेच आहेत असं मी इथे बसून म्हणणार नाही. पण खरा निर्माता असेल तर त्याचं नाव कुठल्या तरी मालिकेच्या किंवा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत सापडतं, त्याचा बॅनर, म्हणजे निर्मिती संस्था, निर्मात्यांच्या एखाद्या संघटनेत नोंदलेला असतो. मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे, तिथे विचारता येतं. आणि मुख्य म्हणजे, लेखकाला काय देणार हे तो कागदावर सांगतो. या तिन्हींबद्दल त्यांना सरळ विचारा.

आता तुमचा मधला प्रश्न: पटकथा कुठे जमा करायची आणि ती मंजूर कोण करतं? पत्र वाचताना मला सारखं जाणवत होतं की तुम्ही शाळेच्या प्रस्तावासारखा विचार करताय. प्रस्ताव तयार करायचा, आवक-जावकला द्यायचा, टेबलावरून टेबलावर जातो आणि वरून मंजुरी येते. तुमचं रोजचं काम तसं चालतं, त्यामुळे इथेही कुठेतरी एक खिडकी असेल असं वाटणं साहजिक आहे. तुम्ही प्रती पाठवल्यात त्या वाहिन्यांच्या मालिकांमध्ये मात्र गाडी उलट्या दिशेनं चालते. आधी निर्णय होतो, मग लेखक शोधला जातो आणि सगळ्यात शेवटी संहिता लिहिली जाते.

वाहिनीला एक वेळ भरायची असते. समजा साडेसातची मालिका संपणार आहे. समोरच्या वाहिनीवर त्या वेळी काय चालू आहे, आपल्याकडे आधीच्या आणि नंतरच्या स्लॉटला काय आहे, हे बघून वाहिनीचा फिक्शन विभाग, म्हणजे कथामालिका बघणारी मंडळी, ठरवतो की या वेळी बहिणींची गोष्ट हवी, किंवा गावाकडची हवी, किंवा सासू-सून अजिबात नको. हे दोन-चार निर्मिती संस्थांच्या कानावर जातं. त्यांचे क्रिएटिव्ह हेड आपल्या ओळखीच्या लेखकांना बोलावतात. काही पानांची संकल्पना, पात्रांची ओळख, पहिल्या काही आठवड्यांचा आलेख असं सगळं तयार होतं आणि निर्माता ते घेऊन वाहिनीकडे जातो. तिथे दुरुस्त्या निघतात, पुन्हा लिहिलं जातं. कधी पायलट, म्हणजे नमुन्याचा एक भाग, चित्रित होतो. नायिका कोण, प्रोमो कसा, यावर अनेकदा गोष्टीइतकीच चर्चा होते. एवढं होईपर्यंत पायलट सोडला तर संवादाची एक ओळही कुणी लिहिलेली नसते.

मालिका सुरू झाली की कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. आज रात्री एखाद्या मालिकेची नामावली थांबवून बघा, बहुधा वेगवेगळी नावं दिसतील. प्रत्येक भागाची ‘वनलाइन’, म्हणजे त्या भागात काय घडतं याचा थोडक्यात आराखडा, निर्मात्याच्या क्रिएटिव्ह टीमकडून वाहिनीच्या ईपीकडे, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरकडे जाते. त्यांच्या होकारानंतर पटकथा, मग संवाद. गुरुवारी बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेचे आकडे येतात आणि आकडा पडला असेल तर पुढच्या पंधरवड्याची गोष्ट त्याच संध्याकाळी बदलू शकते. मी मालिकांचे संवाद लिहिले आहेत. सकाळी चित्रित व्हायचा सीन आदल्या रात्री हातात येणं ही त्यात नेहमीचीच बाब आहे.

अशा ठिकाणी स्वागतकक्षात पडलेली 140 पानांची चित्रपटाची पटकथा कुणी उघडणार? ती वाचायचं काम ज्याच्याकडे सोपवलंय असा माणूसच तिथे नसतो. शिवाय कायद्याची धास्ती असते. उद्या योगायोगानं तसाच प्रसंग त्यांच्या मालिकेत आला आणि तुम्ही म्हणालात की मी तर पाठवली होती, तर काय? म्हणून अनेक ठिकाणी न मागवलेल्या संहिता उघडतच नाहीत. नेटफ्लिक्स तर जाहीरपणेच सांगतं की एजंट किंवा आधीपासून ओळखीचा निर्माता मध्ये नसेल तर आम्ही बाहेरची कथा घेत नाही. तेव्हा त्या दोन प्रतींचा सल मनातून काढा. तुमचं लिखाण कुणीही नाकारलेलं नाही.

चित्रपटाचं वेगळं आहे, आणि तुमची गोष्ट चित्रपटाचीच आहे. मराठीत पैसे निर्माता घालतो, पण गोष्ट बहुधा आधी दिग्दर्शक ऐकतो. त्याला ती आवडली तर तो तुमच्याबरोबर बसून एक-दोन खर्डे करतो, मग निर्माता गाठतो. निर्माता विचारतो, कलाकार कोण? कलाकार विचारतो, निर्माता कोण? या फेऱ्यांमध्ये वर्ष-दोन वर्षं सहज जातात. बरेच मराठी दिग्दर्शक स्वतःच लिहितात किंवा त्यांचा ठरलेला लेखक असतो. तरीही नवा माणूस आत येतो तो याच दारानं. ज्यांचा एखाद-दुसराच चित्रपट आलाय किंवा ज्यांचे लघुपट महोत्सवांत गेलेत, असे दिग्दर्शक शोधा. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा हे जास्त फळतं, कारण या नव्या दिग्दर्शकांनाही पुढची गोष्ट हवी असते. एक सावधगिरी: ‘सरकारी अनुदान मिळणारच आहे, तोवर तुम्ही थोडे घाला,’ असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा की राज्य सरकारचं मराठी चित्रपटांचं अनुदान चित्रपट पूर्ण होऊन परीक्षण समितीनं पाहिल्यावर, दर्जा ठरल्यावर, निर्मात्याला मिळतं. कागदावरच्या पटकथेला ते मिळत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी बाहेरून दिसत नाही. या क्षेत्रात लेखकाच्या हातात पैसे पडतात ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कल्पनेवर लिहिण्याचे. निर्मात्याकडे एखाद्या कादंबरीचे हक्क असतात, खरी घडलेली घटना असते किंवा नुसतीच एक ओळ असते, आणि ती लिहून देईल असा माणूस त्याला हवा असतो. तो विचारतो, काही लिहिलेलं दाखवा. तुमची पटकथा इथे कामाला येते. तिच्यावर उद्या चित्रपट होईल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला लिहिता येतं याचा पुरावा म्हणून ती आजच तयार आहे. ती विकली गेली नाही म्हणजे मेहनत वाया गेली, असं धरून चालू नका.

मी तुमची चाळीस पानं वाचली. एकतिसाव्या पानावर सासू रोटांसाठी गहू मोजते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, असा हिशेब. वेगळ्या झालेल्या थोरल्याची पाळी येते तेव्हा तिचा हात सुपावर थांबतो, आणि धाकटी सून, जिनं वाटणीच्या दिवशी सगळ्यात जास्त भांडण केलं होतं, ती मान वर न करता म्हणते, ‘आत्याबाई, त्यास्नी बी मूठ टाका ना.’ मी तिथेच थांबून तो सीन पुन्हा वाचला. रोट भाऊबंदांबाहेर कुणाला चालत नाही, एवढी एक गोष्ट खान्देशाबाहेरच्या वाचकाला आधी कळली तर त्या मुठीचं वजन त्यालाही कळेल. पण हा सीन एकतिसाव्या पानावर आहे. त्याआधीची आठ पानं एसटी स्टँडवर जातात. तिथे प्रत्येक पात्र उतरतं, नाव सांगतं आणि आपलं नातं समजावतं. वाचणारा माणूस दहाव्या पानापर्यंत थांबतो की नाही याची शाश्वती नसते. गव्हाची मूठ पहिल्या दहा पानांत आणा. नाती तिच्यातूनच कळतील.

अहिराणी काढू नका. जळगावच्या गृहस्थांचा हा सल्ला पैशांच्या मागणीइतकाच चुकीचा आहे. मालिकेत बोली पातळ करावी लागते हे खरं, कारण रोज राज्यभरातल्या घरांना समजायला हवं असतं. चित्रपटाला ती सक्ती नाही, आणि हे लिखाण दुसऱ्या कुणाकडून येणार नाही हे वाचणाऱ्याला भाषेवरूनच कळतं. फक्त कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतो याचा नियम पक्का करा. सध्या थोरला भाऊ एकाच सीनमध्ये विनाकारण अहिराणीतून प्रमाण मराठीत जातो. तो नाशिकला स्थायिक झालाय; बायकोशी एक भाषा, आईशी दुसरी, असं काही ठरवलंत तर त्या बदलातूनच माणूस उभा राहील. वाचायच्या प्रतीत अवघड ओळींखाली साध्या मराठीत अर्थ द्या.

चोरीची भीती खरी आहे, पण ती कशाची धरायची हे समजून घ्या. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये स्पष्ट केलं की कल्पना, विषय, कथासूत्र यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो मांडणीवर. म्हणजे ‘कानबाईसाठी दुरावलेले भाऊ एकत्र येतात’ ही ओळ कुणाचीही आहे. शिरपूरचा एखादा मुलगा आत्ता याच ओळीवर लिहीत असू शकतो आणि त्यानं तुमचं काहीही घेतलेलं नसेल. तुमचं आहे ते प्रसंगांचा क्रम, ती माणसं, ते संवाद, ती मूठ.

तेवढ्याचं संरक्षण करायचं तर अंधेरीत स्क्रीनरायटर्स असोसिएशन नावाची लेखकांची संघटना आहे. नवख्या लेखकालाही तिचं सभासद होता येतं आणि सभासद झाल्यावर संहिता ऑनलाइन नोंदवता येते. अमुक तारखेला अमुक मजकूर तुमच्याकडे होता, याचा तो पुरावा. कॉपीराइट लिहिल्या क्षणीच तुमचा झालेला असतो. नोंदणीनं तो मिळत नाही, सिद्ध करणं सोपं होतं. दिल्लीच्या कॉपीराइट कार्यालयातही 500 रुपये भरून नोंदवता येतं, पण त्याला वेळ लागतो. संघटनेचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे: तिच्या संकेतस्थळावर नमुना करार आहेत, वाद झाला तर समिती आहे, आणि सभासदांना निर्मात्यांसमोर कथा मांडता यावी म्हणून ती पिच फेस्टही घेते. नोंदणी झाली की मात्र ऐकवायला कचरू नका. पूर्ण पटकथा मागितल्याशिवाय देऊ नका, आधी दोन पानांचा सारांश. भेट झाली की त्याच दिवशी एक साधा ईमेल करा: ‘आज मी तुम्हाला अमुक नावाची कथा ऐकवली, वेळ दिल्याबद्दल आभार.’ पुढे वाद झाला तर ही एक ओळ कामाला येते.

करारावर थोडं जास्त लिहिते, कारण इथेच नवीन लेखक सर्वाधिक गमावतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतरित होतात ते फक्त लेखी आणि तुमच्या सहीनं. फोनवर ‘ताई, डन’ म्हटल्यानं काही होत नाही. हक्क किती काळासाठी दिले हे लिहिलं नसेल तर ते पाच वर्षांचे धरले जातात, कुठल्या प्रदेशासाठी हे लिहिलं नसेल तर भारतापुरते. घेणाऱ्यानं वर्षभरात त्यांचा वापरच केला नाही तर ते हस्तांतर संपतं, मात्र करारात वेगळं काही ठरलं नसेल तरच. आणि करारात नेमकं तेच वेगळं ठरवलेलं असतं: कायमस्वरूपी, सर्व माध्यमांसाठी, संपूर्ण विश्वासाठी. तेव्हा सही करण्याआधी एवढं पाहा. पैसे टप्प्याटप्प्यानं आहेत का? सहीच्या वेळी काही रक्कम, मग प्रत्येक खर्ड्याला, अशी पद्धत रूढ आहे. ‘चित्रपट प्रदर्शित झाल्यावर’ एवढंच लिहिलं असेल तर कदाचित कधीच नाही. पडद्यावर नाव कसं येणार, कथा-पटकथा-संवाद की नुसतं ‘संकल्पना’? ठराविक मुदतीत चित्रपट झाला नाही तर पटकथा तुमच्याकडे परत येते का? कुणीही दावा ठोकला तर सगळा खर्च लेखकानं सोसायचा, असं कलम आहे का? ते असेल तर मर्यादा घालून घ्या. 2012 च्या दुरुस्तीनं लेखकाला दिलेला रॉयल्टीचा हक्क चित्रपटगृहाबाहेरच्या वापरासाठी सोडून देता येत नाही. तो सोडल्याचं वाक्य करारात दिसलं तर त्यावर बोट ठेवा. यातलं काहीही विचारल्यानं चांगला निर्माता पळून जात नाही.

मुंबईत राहायला जाऊ नका, निदान आत्ता नाही. बिनपगारी रजा काढून अंधेरीत खोली घेतली तर दर महिन्याचं भाडं तुमच्याकडून वाईट करारावर सही करून घेईल. पहिल्या भेटी आता व्हिडिओ कॉलवरही होतात. प्रत्यक्ष भेटायचं ठरलं तर उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुट्टी आहे; अमळनेरहून नंदुरबार-सुरतमार्गे रात्रीत बोरिवलीला पोहोचता येतं, आणि ही मंडळी अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यातच असतात. रोजच्या मालिकेचे संवाद मात्र शाळा सांभाळून जमणार नाहीत, हे आत्ताच मनाशी पक्कं करा. चित्रपट, लघुपट, वेब मालिकेतले एक-दोन भाग हे जमण्यासारखं आहे. तुम्ही जिल्हा परिषदेच्या कर्मचारी आहात, त्यामुळे मोबदल्याचा पहिला करार करण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगीचा अर्ज करा. साहित्यिक कामाला सहसा कुणी आडकाठी करत नाही, पण कागद असलेला बरा.

घरून करण्यासारखं खूप आहे. राज्य हौशी नाट्य स्पर्धेचं केंद्र जळगावात असतं. तिथे नाटक करणाऱ्या मंडळींना नव्या संहिता लागतात, आणि मराठी चित्रपट-मालिकांचे कितीतरी लेखक एकांकिका-नाटकांतूनच वर आले आहेत. तुमच्या गोष्टीतलं घर, अंगण आणि जातं हे रंगमंचावर सहज उभं राहील. दुसरं: जळगाव-धुळ्याची कितीतरी मुलं यूट्यूबसाठी अहिराणी गाणी आणि विनोदी व्हिडिओ करतात. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, संकलन येतं, माणसं आहेत; लिहिणारं कुणी नाही. त्यांच्याबरोबर गव्हाच्या सीनचा दहा मिनिटांचा लघुपट करा. त्यांच्याशीही एक पानी करार करा, आपली मुलं आहेत म्हणून तोंडी ठेवू नका. 140 पानं वाचायला वेळ नसलेला दिग्दर्शक दहा मिनिटांची लिंक बघतो. तिसरं, राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, म्हणजे एनएफडीसी, पटकथा लेखकांसाठी स्क्रीनरायटर्स लॅब नावाची कार्यशाळा घेतं. मोजक्याच संहिता निवडल्या जातात. स्पर्धा देशभराची असते, म्हणून शाळेतल्या इंग्रजीच्या सहकाऱ्याला हाताशी धरून सारांश इंग्रजीत करून ठेवा.

मावसभावाशी नातं बिघडू नये अशी तुमची काळजी आहे. त्याला एवढंच लिहा: ‘तू ओळख करून दिलीस, बरं वाटलं. पण लेखकानं पैसे भरायचे नसतात असं मला कळलंय. साहेबांना गोष्ट आवडली असेल तर त्यांनी निर्मात्याचं नाव आणि कराराचा मसुदा पाठवावा, मी लगेच उत्तर देईन.’ यावर ते गृहस्थ ‘बरं, पैसे राहू द्या, नुसती वर्ड फाइल पाठवा,’ असंही म्हणतील. नोंदणी होईपर्यंत तीही पाठवू नका. नोंदणीनंतर दोन पानांचा सारांश, पीडीएफमध्ये, ईमेलनं.